मांजरपाटाची गाठ

मंजुषा शेजूळचा राग आधीच सांगून टाकलेला बरा, कारण पुढे जे काही झालं ते त्या रागाच्याच पोटी जन्माला आलं. वाळूजच्या एका कारखान्यात ती खरेदी विभाग सांभाळायची. मोटारींचे सुटे भाग बनवणारा कारखाना, सातशे कामगार, आणि दर दिवाळीला सातशे घरांत जाणारी कंपनीची भेट. ती भेट मंजुषा निवडायची. पगारवाढ दुसऱ्याच्या हातात, बढती तिसऱ्याच्या हातात, पण दिवाळीला घरी काय न्यायचं ते तिच्या हातात. त्यामुळे गणपती उठले की शिपायापासून सुपरवायझरपर्यंत जो तो तिच्या टेबलाशी घुटमळायचा. "मॅडम, यंदा काय?" ती गालातल्या गालात हसायची आणि सांगायची नाही. माणसाला मिरवायला एवढंही पुरतं, त्यासाठी तिला कुणी नावं ठेवू नयेत.

यंदा गणपती उठले आणि तिच्या टेबलाशी कुणीच आलं नाही. सगळे विश्वजीतला विचारत होते.

विश्वजीत पुण्याचा, तिशीतला, मोठ्या साहेबांनी खास आणलेला. मोठे साहेब म्हणजे अभय, मालकाचा मुलगा आणि आता स्वतःच मालक. त्याने विश्वजीतच्या दारावर 'शाश्वत विकास' अशी पाटी लावून दिली होती. शाश्वत म्हणजे काय ते कारखान्यात फारसं कुणाला उमगलं नव्हतं. पण या गड्याने आल्या आल्या कँटीनमधले प्लॅस्टिकचे ग्लास बंद करून स्टीलचे आणले आणि ते घासायला माणूस द्यायचं विसरला, एवढं सगळ्यांना उमगलं होतं.

वैर सुरू झालं ते दिवाळीच्या पहिल्या मीटिंगमध्ये. विश्वजीतने पडद्यावर एक फोटो लावला. शहराच्या कचरा डेपोतला ढीग, त्यावर दोन गाई, आणि गाईच्या पायाशी एका कॅसरोलचं अर्धवट जळालेलं निळं झाकण. झाकणावर कारखान्याचं नाव अजून ठळक वाचता येत होतं.

"ही आपली जाहिरात," विश्वजीत म्हणाला. "दर दिवाळीला आपण सातशे घरांत कचरा पाठवतो. चमकीच्या कागदात गुंडाळून. हा कॅसरोल निवडला कुणी होता?"

कुणी नाव घेतलं नाही. सगळ्यांनी नुसत्या माना वळवल्या, आणि त्या सगळ्या एकाच बाजूला वळल्या.

तो कॅसरोल निवडायला मंजुषा भर उन्हात ठोक व्यापाऱ्याच्या गोदामात उभी राहिली होती. झाकण घट्ट बसतं की नाही ते तिने दहा नग उघडून, लावून पाहिलं होतं. लासूर स्टेशनपासून हर्सूलपर्यंत कितीतरी घरांच्या भाकरी त्या डब्यात ऊबदार राहिल्या असतील.

"वापरला म्हणून तुटला," ती म्हणाली. "नुसता ठेवला असता तर कुणाच्या तरी शोकेसमध्ये असता."

"तुटला म्हणून संपत नाही ना, मॅडम. तुम्ही रिटायर व्हाल, मी मरून जाईन, तुमचा कॅसरोल तिथेच असेल."

खोलीत हशा पिकला. अभयसुद्धा हसला, आणि तेच तिच्या काळजात रुतून बसलं. खरं सांगायचं तर पोरगा चुकीचं बोलत नव्हता. प्लॅस्टिकची घड्याळं, प्लॅस्टिकचे जग, थर्माकोलच्या खोक्यातले काचेचे पेले, ही सगळी तिचीच निवड होती आणि त्यातलं निम्मं आज कुठे असेल हे तिलाही माहीत होतं. पण खरं बोलायलाही एक रीत लागते. बाई माणसाला चारचौघांत उघडं पाडून सांगितलेलं खरं कुणाच्या कानात शिरत नाही, थेट पित्तात शिरतं.

मीटिंग संपली तेव्हा दिवाळी विश्वजीतकडे गेली होती. मंजुषाकडे काय उरलं? तर ऑर्डरवर फोन नंबर तिचा राहील, कारण पुरवठा करणारे तिला ओळखतात. म्हणजे लग्न त्याचं आणि पंगती उठवायच्या हिने.

त्यानंतर दोघांनी एकमेकांना सुखाचा घास खाऊ दिला नाही. त्याने मागितलेला प्रत्येक कागद मंजुषा दोन दिवस दाबून ठेवायची. तो लगेच ईमेल टाकायचा आणि त्याची प्रत अभयला लावायचा. तिच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या गुलाबांची एक कुंडी होती, दर शनिवारी धुऊन ती ताजी दिसायची. एका सोमवारी ती भंगारात गेलेली निघाली. "मायक्रोप्लॅस्टिक," विश्वजीतने दारातूनच सांगितलं आणि तो पुढे गेला. तिने त्या दिवशी त्याच्या नावाने जे शिव्याशाप दिले ते इथे लिहिण्यासारखे नाहीत. तिला आता एकच गोष्ट हवी होती. हा माणूस परत पुण्याला जायला हवा होता, आणि तोंड काळं करून जायला हवा होता.

आणि नेमकं त्याच माणसाला चांगलं सुचावं, हा दैवाचा खोडसाळपणा. कुठल्याशा गावरान बियाण्यांच्या मेळाव्यात त्याने पाहिलं होतं, की जुन्या बाया दोडक्याचं, भोपळ्याचं बी गोवऱ्यांच्या राखेत घोळून गाडग्यात भरून ठेवतात. राखेमुळे किडा लागत नाही. त्याने तेच उचललं. ओंजळीत मावेल एवढं मातीचं गाडगं, आत चाळलेली राख, राखेत दोडका, भोपळा आणि वालाचं बी, आणि तोंडावर लाल खणाचा तुकडा बांधलेला. बी परसात लावा, राख आळ्यात टाका, गाडग्यात तुळस लावा. फेकायचं काही उरतच नाही. पहिला नमुना आला तेव्हा खण असा काही खुलून दिसत होता की अभयने लगेच होकार दिला. भेट मंजुषालाही आवडली, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला.

मग आठवड्याभरात विश्वजीतच्या डोक्यात किडा वळवळला. खणाचा रंग रासायनिक. पाण्यात घातला की पाणी लाल होतं. ही कसली शाश्वत भेट? त्याने खण रद्द केला आणि बिनरंगाचं, न धुतलेलं मांजरपाट सांगितलं. सुतळीऐवजी त्याच कापडाची पट्टी, म्हणजे दोरीचाही खर्च नको. नवा नमुना नियमाप्रमाणे मंजुषाच्या टेबलावर आला.

तिने खोकं उघडलं आणि हात झटक्यात मागे घेतला. मातीचं गाडगं, आत राख, आणि तोंडाला पांढरं मांजरपाट बांधलेलं. हे काय आहे ते तिला कुणी सांगावं लागलं नाही. आपल्याकडे कुणालाच सांगावं लागत नाही.

आषाढात ती लासूर स्टेशनला गेली होती. कारखान्यातल्या सगळ्यात जुन्या कामगाराचा, कडूबा गाडेकरचा मुलगा सत्यम मोटारसायकलवरून येताना वाळूजच्या रस्त्यावर अपघातात गेला. कडूबाच्या आईची आधीची लेकरं जगली नव्हती म्हणून तिने याचं नाव कडू ठेवलेलं. कडू नावाला मरण तोंड लावत नाही म्हणतात, आणि कडूबाला त्याने खरंच लावलं नाही. कडूबाने मात्र आपल्या पोराचं नाव हौसेने गोड ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी राख सावडायला कंपनीतर्फे मंजुषा गेली. अस्थी गाडग्यात भरल्या, वर पांढरं फडकं घातलं, पण कडूबाचे हात इतके कापत होते की त्याला गाठ मारता येईना. पट्टी ताणायची आणि सुटायची. शेवटी मंजुषा खाली बसली आणि तिने पट्टीवर बोट दाबून धरलं, तेव्हा कुठे गाठ बसली. ते गाडगं मग गोदावरीवर कायगाव टोक्याला नेईपर्यंत लिंबाच्या फांदीला टांगून ठेवलं होतं.

ती हे आठवतच होती तेवढ्यात विश्वजीत आत आला. त्याने गाडगं उचलून उजेडाकडे धरलं आणि खुशीत मान हलवली. त्याला दोष तरी किती द्यायचा? मरण त्याच्याही घरात येऊन गेलं होतं, पण ते विद्युतदाहिनीत गेलं होतं आणि तांब्याच्या कलशातून परत आलं होतं. मातीचं गाडगं त्याच्या लेखी फक्त मातीचं गाडगं होतं.

"बोला," तो म्हणाला. "तुमची काहीतरी हरकत असणारच. तुमची असतेच."

एक शब्द पुरला असता. 'सर, अस्थी अशा बांधतात,' एवढं म्हटलं असतं तर त्याने ते गाडगं हातातून टाकलं असतं आणि दुसऱ्या दिवशी खण परत आला असता. तिच्या जिभेवर ते आलंसुद्धा होतं. पण 'तुमची असतेच' हे तीन वेळा तिच्या डोक्यात वाजलं, आणि ती म्हणाली, "छान आहे. साधं आहे."

"पहिल्यांदाच आपलं एकमत झालं," विश्वजीत म्हणाला आणि शीळ घालत गेला.

सुंठेवाचून खोकला जाणार होता. मंजुषाने काहीच करायचं नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं. सातशे माणसं, त्यांच्या बायका, म्हाताऱ्या आया, आणि धनत्रयोदशीला प्रत्येकाच्या हातात ते गाडगं. भाऊबीजेच्या आत तो पुण्याच्या गाडीत बसलेला असेल. तिने मनातल्या मनात त्याला शिव्या देणाऱ्या म्हाताऱ्या ऐकल्या आणि तिला फार बरं वाटलं.

बांधणीचं काम हर्सूलच्या एका बचत गटाला दिलेलं होतं. गटाची प्रमुख करुणा, तिचा फोन दोन दिवसांनी आला.

"मॅडम, कापड आलंय, पर समदं पांढरं आलंय."

"हो, पांढरंच आहे."

"आत राख अन् वरून पांढरं फडकं? मॅडम, बाया हात लावंनात. आम्ही बौद्ध हावोत, सणाचं तेवढं मनावर घेत नाय, पर अस्थी आमच्यात बी अशाच बांधत्यात. दिवाळीचं असलं कुणाच्या घरी धाडायचं का? पहिल्या बारीचं लाल खणाचं तुकडं माझ्याकडं तसंच पडल्यात. तेच लावते की. तुम्ही सायबाला इचारा फकस्त."

देवाने दुसऱ्यांदा दार उघडलं म्हणतात ते असं. मंजुषाने खुर्ची मागे सरकवली, काचेपलीकडे पाहिलं. विश्वजीत त्याच्या केबिनमध्ये फोनवर कुणाशी तरी हसून बोलत होता.

"साहेबांना रंग चालत नाही," ती म्हणाली. "सांगितलंय तसं बांधा."

"इचारलं का तुम्ही त्यांला?"

"विचारलं. जबाबदारी त्यांची आहे."

"मग बांधतो," करुणा म्हणाली. तिच्या आवाजात खात्री नव्हती, पण काम तिला हवं होतं.

धनत्रयोदशीला कारखान्याच्या आवारात मांडव पडला. घरच्या मंडळींनाही बोलावणं होतं. पोरं झेंडूच्या माळा ओढत होती, कँटीनवाला चिवडा वाटत होता, आणि स्टेजमागे करुणाच्या टेंपोतून खोकी उतरत होती. या कारखान्याची एक जुनी रीत होती, अभयच्या वडिलांनी घालून दिलेली. पहिली भेट सगळ्यात जुन्या कामगाराच्या बायकोच्या हातात द्यायची. कामगार बाजूला उभा राहायचा. "कमावतो हा, पण टिकवते ती," म्हातारे साहेब म्हणायचे. त्यानंतर मग बाकीच्यांनी रांग लावायची.

मंजुषा पहिल्या ओळीत बसली होती, नवी साडी नेसून. तमाशा पाहायला माणूस जसा जागा धरून बसतो तशी. तेवढ्यात तिच्या खांद्याला कुणीतरी हात लावला. तिने वळून पाहिलं. कडूबाची बायको मनकर्णाबाई होती.

ही येईल असं मंजुषाने धरलंच नव्हतं. ज्या घरात त्या वर्षी मरण झालं त्या घरात पहिली दिवाळी नसते. माणसं कुठे जात नाहीत, उलट सोयरेच फराळ घेऊन त्यांच्याकडे येतात. कडूबा येणार नाही, मग पहिली भेट दुसऱ्या कुणाला तरी जाईल, असा हिशेब तिने केव्हाच करून टाकला होता.

"तुम्ही कशा आलात?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"मोठ्या सायबानं सोता फोन केला," मागून कडूबा म्हणाला. तो पार वाळून गेला होता. "म्हणलं, कडूबा, तुमचं नोकरीचं शेवटचं वरीस हाय, आलंच पायजे. ही म्हणं, मी नाय येत. मग म्हणली, जाऊ."

"तुमच्यामुळं आले बाई," मनकर्णाबाई म्हणाली. तिने मंजुषाचा हात हातात घेतला. तिचा तळवा खरखरीत आणि गार होता. "दर साली तुमच्या हातचं येतं घरात. आवंदा बी येऊ द्या म्हणलं. दुसरं हाय काय आता घरात यायला?"

मंजुषाला घाम फुटला. अजून वेळ होता. खोकी बंद होती, करुणा मागे उभी होती, खणाचे तुकडे तिच्याकडे असणारच होते. निदान या एका बाईला वाचवता आलं असतं. स्टेजच्या मागे जाऊन एक गाडगं उघडायचं, एक लाल तुकडा लावायचा आणि तेच पुढे सरकवायचं, बास. मंजुषा अर्धी उठलीही. पण स्टेजवर विश्वजीत माईक तपासत होता, खादीचा सदरा घातलेला, आणि अभयने त्याच्या पाठीवर थाप मारली. दोघे कशाला तरी हसले. मीटिंगमध्ये हसले होते तसेच. मंजुषा खाली बसली. लाज वाटावी अशी ही गोष्ट आहे, पण ती खाली बसली, आणि तिने पदराने कपाळ टिपलं.

विश्वजीत बोलायला लागला. प्लॅस्टिक, धरणी, येणाऱ्या पिढ्या. मग म्हणाला, "आपले पूर्वज बी राखेत जपायचे. राख म्हणजे शेवट नाही. या दिवाळीला तुमच्या प्रत्येकाच्या घरी आम्ही राख पाठवतोय."

मांडवातली कुजबुज तुटली. कुणीतरी मागून "काय?" असं विचारलं, पण तोपर्यंत मनकर्णाबाईचं नाव पुकारलं गेलं होतं. ती पायऱ्या चढून वर गेली. कडूबा रीतीप्रमाणे बाजूला उभा राहिला. अभयने खोक्यात हात घातला आणि न बघताच, फोटोवाल्याकडे तोंड करून, गाडगं तिच्यापुढे धरलं.

तिने ते घेतलं. घेताना एक हात खाली लावला आणि दुसरा वरून धरला, जसं ते धरायचं असतं तसं. मग तिची नजर पांढऱ्या फडक्यावर गेली. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने पदर डोक्यावर ओढला आणि अभयला विचारलं,

"कुणाचं हाय हे?"

माईक जवळच होता. सगळ्यांनी ऐकलं.

अभयचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मग त्याने खाली पाहिलं. तो वाळूजच्या मातीतच वाढलेला होता. त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

मग जो कल्लोळ उठला तो मंजुषाने मनात ऐकला होता त्याहून दसपट होता. खुर्च्या पडल्या. पुढच्या चार पोरांनी खोकं ओढून फोडलं आणि एक गाडगं फुटून राख जाजमावर सांडली. बाया लेकरांना कडेवर घेऊन मागे सरकल्या. "सणाचं मढं बांधून देता व्हय रं?" एक म्हातारी ओरडली. "तुझ्या घरला ने, तुझ्या आयला दे!" कुणीतरी चिवड्याची प्लेट स्टेजवर भिरकावली आणि ती विश्वजीतच्या छातीवर आपटली.

विश्वजीतला आधी कळेचना. कुणीतरी त्याच्या तोंडावर ओरडून सांगितलं तेव्हा कळलं, आणि मग त्याने जे केलं ते मंजुषाच्या हिशेबात नव्हतं. तो पळाला नाही. त्याने माईक घेतला. "कापड मी निवडलं," तो म्हणाला. त्याचा आवाज फुटत होता. "मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. दुसऱ्या कुणाची चूक नाही." त्याला पुढे बोलू दिलं नाही. अभयनेच माईक हिसकावला.

"शेजूळ मॅडम!" तो ओरडला. "वर या. तुम्ही समजवा यांना. यापुढे दिवाळीचं सगळं तुम्हीच बघायचं. ऐकताय ना? तुम्हीच."

झालं. जे हवं होतं ते सगळं एका दमात पदरात पडलं, तेही सातशे लोकांच्या साक्षीने. मंजुषा पायऱ्या चढली तेव्हा तिचे पाय हलके होते. लोक थोडे शांत झाले, आपली बाई आहे म्हणून. तिने माईक घेतला. नुसतं 'चूक झाली, माफ करा' म्हणून खाली उतरली असती तरी निभावलं असतं. पण जिंकलेल्या माणसाला तेवढ्यावर थांबवत नाही.

"वीस वर्षं मी तुम्हाला भेट दिली," ती म्हणाली. "साधी दिली असेल, पण तुमच्या रीतभाती सांभाळून दिली. मला जर कुणी विचारलं असतं, तर मी हे होऊ दिलं नसतं."

टाळ्या पडल्या. शिट्टीसुद्धा वाजली. विश्वजीत बाजूला उभा होता, सदऱ्यावर चिवड्याचं तेल. त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याला 'छान आहे, साधं आहे' आठवत होतं, हे त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं. पण तो काही बोलला नाही.

बोलली ती करुणा. ती टेंपोजवळून पुढे आली होती, हातात खणाच्या तुकड्यांचं गाठोडं.

"मॅडम, मी फोन केला व्हता की तुम्हाला," ती म्हणाली. माईक नव्हता, तरी तिचा आवाज मांडवभर गेला. "म्हणलं व्हतं, अस्थी अशा बांधत्यात. लाल लावते म्हणलं व्हतं. तुम्ही म्हणल्या, सायबाला इचारलं, तसंच बांधा."

"मला कुणी विचारलं नाही," विश्वजीत हळूच म्हणाला. तो कुणावर उलटून बोलत नव्हता, त्याला खरंच नवल वाटलं होतं.

"करुणा, फोनवर नीट ऐकू येत नव्हतं," मंजुषा म्हणाली. "कामाची घाई होती. माझ्या लक्षात नाही आलं, की हे असं दिसेल."

तेव्हा कडूबा स्टेजवर आला. त्याला घाई नव्हती. तो तिच्यासमोर उभा राहिला आणि लांबच्या माणसाला न्याहाळावं तसं त्याने तिच्याकडे पाहिलं.

"ते पुण्याचं लेकरू हाय, त्याला नाय कळलं," तो म्हणाला. "तुम्हाला कसं नाय कळलं ताई? माझ्या सत्यमला बांधलं तवा गाठीवर बोट तुमचंच व्हतं."

अभयने मंजुषाच्या हातातला माईक काढून घेतला आणि बंद केला.

मनकर्णाबाई अजून ते गाडगं धरून उभी होती. तिने ते खाली ठेवलं नव्हतं. असलं गाडगं कुठेही ठेवून देत नाहीत. ती मंजुषाजवळ आली आणि तिने ते तिच्या हातांत दिलं.

"तुम्हीच सोडा आता," ती म्हणाली. "असं बांधल्यालं मला दुसऱ्यांदा घरी नेववणार नाय."

मंजुषा स्टेजच्या कडेला बसली आणि गाठ सोडायला लागली. बरेच लोक भेट न घेताच निघून गेले होते. राहिलेले खाली विश्वजीतपाशी जमले होते. तो जाजमावर मांडी घालून एकेका गाडग्याचं पांढरं कापड फाडून काढत होता, करुणा त्यावर लाल खण बांधत होती, आणि माणसं कुरकुरत का होईना, दोन्ही हातांनी ते घेत होती. मंजुषापाशी कुणी आलं नाही. गाठ घट्ट होती, मांजरपाट दमट झालं होतं आणि तिची बोटं कापत होती. नख मोडलं तरी पट्टी सुटेना. कडूबा शेजारीच उभा होता, हात मागे बांधून. त्याने हात पुढे केला नाही.